लंगरातले कोच

“आदी जेवा. निशाण काय पळून चाललंय व्हय?”

खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसत ते हे म्हणायचे आणि आमच्यापुढे ताटल्या सरकवायचे. रायफल क्लबाचा सराव दररोज असाच सुरू व्हायचा. भिंतीवर निशाणाची कार्डं लागलेली असायची, रायफल कपाटात असायची आणि आम्ही सतरंजीवर बसून झुणका-भाकरी खात असायचो. जेवण झाल्यावर ते पोटाकडे बघून विचारायचे, “झालं का? आता कर नेम.” जेवलेल्या माणसाचा हात थरथरत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. त्याला पुरावा काही नव्हता, पण त्यांनी कधी तो शोधलाही नाही.

त्यांचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तरी साताऱ्यात त्या नावानं त्यांना कुणी ओळखायचं नाही. आम्ही त्यांना कोच म्हणायचो आणि या एका शब्दासाठी ते काय काय करायला तयार होते, तेच सांगायला मी बसले आहे. असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. एखादं पद त्याच्याकडे चुकून येतं आणि मग तो ते असं जपतो की, ज्यांच्याकडे ते रीतसर आलेलं असतं त्यांना लाज वाटावी.

खरं सांगायचं तर मी नेमबाजीकडे वळले ती भुकेपोटी. मी सांगलीकडची, उसाच्या मळ्यात वाढलेली. एम. ए. करायला साताऱ्याला आले आणि वसतिगृहात राहिले. मेसच्या ठेकेदाराची आमटी इतकी पातळ असायची की, वाटीच्या तळावरचं कंपनीचं नाव वाचता यायचं. अशात औंधची वैशाली, म्हणजे माझी खोलीतली मैत्रीण, एक दिवस बातमी घेऊन आली. मेसच्या मागच्या जुन्या धान्यकोठीत कॉलेजचा रायफल क्लब आहे आणि तिथे जाणाऱ्याला जेवायला मिळतं. आम्ही दोघींनी त्याच दुपारी नाव घातलं. आमच्याआधी तिथे एकच मेंबर होता, माण तालुक्यातला दादू. मेंढरं राखणाऱ्या घरातला हा पोरगा भूगोल शिकत होता. तोही जेवणासाठीच आला होता, फक्त त्यानं ते आम्हाला बरंच उशिरा सांगितलं.

कोचही माणचेच, दहिवडीच्या पलीकडचे. सगळी नोकरी फौजेत गेलेली, पण लंगरात, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात. हे त्यांनी कधी लपवलं नाही. मुलाखतीत प्राचार्यांनी विचारलं होतं, “फायरिंग येतं का?” हे म्हणाले, “वर्सातनं एकदा येतं.” फौजेत स्वयंपाक्यालाही वर्षातून एकदा रेंजवर नेऊन गोळ्या झाडायला लावतात, तेवढंच त्यांना सांगायचं होतं. प्राचार्यांना तो विनय वाटला. मिशा भारदस्त होत्या, उभं राहणं सावधान होतं, नेमणूक झाली.

“मग तुमच्या गोळ्या लागायच्या का, कोच?” असं वैशालीनं एकदा विचारलं.

“मारायचं आपलं काम. कुटं गेली ते सरकार बघतं,” ते शांतपणे म्हणाले.

आता अशा माणसानं नेमबाजी शिकवायची म्हणजे कशी, ते ऐका. सुरुवातीचे कित्येक दिवस आम्हाला रायफल दाखवलीसुद्धा नाही. डाव्या तळव्यावर पाण्यानं भरलेली परात द्यायची, डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं आणि उभं राहायचं. ऑफिसर मेसमध्ये परात अशीच न्यायची असते, असं ते सांगत. पाणी सांडलं की फरशी पुसायची. चाप दाबायला आम्ही कणकेच्या गोळ्यावर शिकलो. “कणीक मुरली का बघताना बोट दाबतो का टोचतो?” असं विचारून ते आमचं बोट धरून दाबायला लावत. मग त्याच कणकेच्या चपात्या व्हायच्या. श्वासाचा धडा सगळ्यात सोपा होता. “दूध वर येतंय, येतंय, आन् उतू जायच्या आदी गॅस बंद. तसा दम धरायचा. लय येळ धरला तर दूध नासतं.” दूध आणि दम यांचा हा संबंध मला आजही नीट उलगडलेला नाही, पण नेम धरताना मी तेव्हापासून गॅसच बंद करत आले आहे.

पुढे रायफल हातात आली. एकच होती, हवेच्या दाबावर चालणारी, जुनी, दांड्यावर ओरखडे पडलेली. ते तिला सूनबाई म्हणायचे. कपाटातून काढताना दार हळू उघडायचं, तिच्यादेखत शिव्या द्यायच्या नाहीत आणि वापरून झाली की धुतलेल्या सुती लुगड्यात गुंडाळून ठेवायची, असे नियम होते. दादूला एक डोळा मिटताच यायचा नाही. दोन्ही मिटायचे. कोचनी त्याच्या टोपीला मेसचं जुनं कूपन अडकवून दिलं, ते डाव्या डोळ्यापुढे लोंबायचं. वैशालीला नेम धरला की हसू यायचं, त्यावर मात्र त्यांच्या स्वयंपाकघरात उपाय नव्हता. “हासून घे पोरी आदी. हासू संपलं की मार,” एवढंच ते म्हणाले. ती हसायची आणि आम्ही थांबायचो. कधी कधी पूर्ण सराव तिचं हसू संपण्यातच जायचा.

क्लबाचं हे असं चाललेलं प्राचार्यांना दिसत होतंच. एक दिवस ते स्वतः कोठीत आले. तेव्हा कोच कांदा चिरत होते, दादू परात घेऊन उभा होता आणि वैशाली हसत होती. प्राचार्यांनी सगळं पाहिलं आणि म्हणाले, “ही जागा स्पर्धा परीक्षेच्या मुलांना अभ्यासिकेला द्यायची आहे. दसऱ्यानंतर सांगलीला स्पर्धा आहे ना? तिथे तिघांचा संघ उतरवा आणि शेवटपर्यंत खेळवून आणा. नाहीतर क्लब बंद.”

ते गेल्यावर कोचनी सुरी खाली ठेवली. कांदा तसाच राहिला. मग म्हणाले, “फौजेत मला साब लोक भटारी म्हनायचे, गावात अजून म्हनत्यात. तुमीच पयल्यांदा कोच म्हनलात.” कांद्याचं निमित्त हाताशी होतं म्हणून त्यांनी डोळे पुसले आणि आम्हीही कांद्याकडेच बघितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळीकडे चौकशी करून एक माहिती आणली. सांगलीच्या स्पर्धेत संघ आत येताना माइकवर कॉलेजचं नाव घेतात, खेळाडूंची नावं घेतात आणि शेवटी कोच म्हणून नाव घेतात. “माइकवर,” ते पुन्हा म्हणाले. एवढ्या लोकांत मोठ्यानं एकदा ते नाव पुकारलं गेलं की, मग ते कुणाला मागं घेता येणार नाही, असं काहीतरी त्यांच्या मनात बसलं होतं.

त्या दिवसासाठी त्यांनी कोट मिळवला. त्यांचा भाचा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा, त्याचा. कोट लाल होता, खांद्यांवर सोनेरी झालर होती, छातीवर दोन ओळींत पितळी बटणं होती. घालून दाखवला तेव्हा वैशालीला बाहेर जावं लागलं. मी म्हटलं, “कोच, साधा शर्टही चालतो.”

“आगं, माइकवर नाव घेत्यात,” ते म्हणाले.

आणि मग खंडेनवमी आली. आमच्या भागात त्या दिवशी घरातल्या हत्यारांची आणि अवजारांची पूजा करतात, हे तुम्हाला सांगायला नको. माझ्या घरी विळे, खुरपी आणि ट्रॅक्टर. दादूच्या घरी लोकर कातरायच्या कातरी. फौजी माणसाच्या हाताखाली रायफल असल्यावर तिची पूजा व्हायलाच हवी होती. कोचनी कोठी शेणानं सारवली, फरशीवर शेण का, हे आम्ही विचारलं नाही. भिंतीला टेकवून पाटावर सूनबाईला उभं केलं, नळी वर. शेजारी त्यांचं उलथणं आणि लाटणं. नळीच्या तोंडात झेंडूचं फूल खोचलं. नेम धरायला डोळा लावतात ती मागची बारीक भोकाची चकती त्यांनी निरखून पाहिली आणि म्हणाले, “हिचा डोळा हाय ह्यो. ह्येला कुंकू लावलं पायजे.” आणि तेलात कालवलेलं कुंकू बोटानं त्या भोकावर छान दाबून लावलं. मग ओल्या कुंकवातल्या अक्षता, त्याही मूठमूठ, फुलावरून वाहिल्या. आम्हीही वाहिल्या. आम्ही तिघंही पदव्युत्तर वर्गात होतो, पण एकाच्याही मनात शंका आली नाही. आम्ही हात जोडले, पुरणपोळी खाल्ली.

मांडलेली पूजा दसऱ्याची संध्याकाळ होईपर्यंत हलवायची नाही, म्हणून सराव बंद राहिला. संध्याकाळी कोचनी नमस्कार करून सूनबाईला उचललं, फूल काढून खिशात ठेवलं, तिला लुगड्यात गुंडाळलं आणि सकाळी आम्ही एसटीनं सांगलीला निघालो.

सांगलीच्या हॉलमध्ये शिरलो तेव्हा तिथली मुलं जाड जाकिटं घालून रोबोसारखी चालत होती. आमच्याकडे जाकीट नव्हतं, पण कोचचा कोट होता. दुसऱ्या कॉलेजच्या दोन शिक्षकांनी त्यांना पाहून अंग सावरलं आणि सलाम केला. कोचनीही तो रीतसर परत केला. मग त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि आम्हाला भिंतीशी बसवून जेवायला घातलं. आम्ही जेवत असताना माइकवर एकेका कॉलेजचं नाव येत होतं आणि शेवटी “कोच” म्हटलं की ते मान हलवायचे, हो, असंच म्हणतात, अशा अर्थानं.

खेळाच्या आधी रायफल तपासून घ्यायची असते. हिरवं कापड घातलेल्या टेबलामागे एक पंच बाई बसल्या होत्या, चष्मा दोरीत अडकवलेला, चेहरा कडक. त्यांनी सूनबाईला लुगड्यातून काढलं, वास घेतला. नळी खाली केली. हिरव्या कापडावर चार-दोन लाल तांदूळ पडले.

“हे काय?”

“अक्षता,” कोच म्हणाले.

“कसल्या?”

“नवमीच्या.”

बाईंनी नळी हलवली. अजून दोन पडले आणि आत काहीतरी अडकून राहिल्याचं त्यांना दिसलं. मग त्यांनी मागच्या चकतीला डोळा लावला, बाजूला केला, पुन्हा लावला. त्यांच्या भुवईला कुंकू लागलं, पण ते सांगायचं धाडस तिथे कुणालाच नव्हतं. त्या म्हणाल्या, “नळीत अडथळा आहे. अशी रायफल आत नेता येणार नाही. तुमच्या पाळीपर्यंत मोकळी झाली नाही तर संघ बाद.”

रायफल एकच होती. तिघांनी पाळीपाळीनं तीच वापरायची होती. म्हणजे संघ बाद, क्लब बाद, कोच बाद. मला हे सगळं एका दमात कळलं. दादू कुपनाच्या आडून जमिनीकडे बघत होता. वैशाली हसत नव्हती.

कोचनी कोटाची बटणं काढायला सुरुवात केली. मला कळेना काय करताहेत. कोट काढून त्यांनी घडी घातली, टेबलावर ठेवला आणि बाईंपुढे हात जोडले. “आवं बाई, ह्यात पोरांची कायबी चूक न्हाई. मी काय कोच न्हाई. लंगरातला मानूस हाय मी, मला त्यातलं कळत न्हाई. माझं नाव घेऊ नका माइकवर. पन पोरांना खेळू द्या.”

मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. ज्यासाठी माणूस तिथवर आला होता ते त्यानं आमच्यासाठी स्वतःच्या हातानं टेबलावर काढून ठेवलं होतं. मला म्हणायचं होतं की, तुम्हीच आमचे कोच आहात. पण बाई आधी बोलल्या.

पंच बाईंनी चष्मा काढून पुसला. कुंकू आता चष्म्यालाही लागलं. त्या सरळ चेहऱ्यानं म्हणाल्या, “आमच्या सासऱ्यांनी परवा ट्रॅक्टरच्या धुराड्यात नारळ बसवला. अजून निघालेला नाही. कारखान्याला ऊस कसा घालायचा, घरात कुणी बोलत नाही.” मग त्यांनी ड्रॉवरमधून कापसाच्या बारीक गुंड्या काढल्या. छऱ्याऐवजी त्या भरून हवेनं उडवल्या की नळी साफ होते. “रॉड घातला तर ओलं कुंकू आत आणखी घट्ट बसेल. या शेवटच्या लेनवर चला. मुलांना हात लावू देणार नाही मी. साफ करायचा बार संघाच्या कोचनं झाडायचा असतो.” असा नियम आहे की नाही, हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही.

“कोच कोण आहे?” त्यांनी विचारलं.

आम्ही तिघांनी एकदम त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी आमच्यापुढे सूनबाई कधी झाडलीच नव्हती. ते पुढे झाले, टॉवेलसाठी खांद्याकडे हात नेला, टॉवेल नव्हता, शर्टाला हात पुसले. कोपर कमरेला टेकवलं. त्यांचा श्वास वर येताना मला दिसला आणि थांबताना दिसला. मग फट् झालं आणि नळीतून कापूस आणि लाल तांदूळ बाहेर उडाले. कार्डापर्यंत काही पोचलं नाही, सगळं वाटेतच फरशीवर सांडलं. शेजारच्या लेनमधल्या कुणीतरी “शुभमंगल” म्हटलं आणि पूर्ण हॉल हसला. वैशालीचंही हसू परत आलं आणि ते बघून मला हायसं वाटलं. अजून दोन गुंड्या उडवल्यावर नळी मोकळी झाली. चकतीचं भोक वैशालीनं केसातल्या पिनेनं साफ केलं. पूर्ण निघालं नाही, मला सगळी स्पर्धा गुलाबी दिसली.

कोच तोवर कोट न घालताच बाजूला उभे होते. वैशालीनं तो उचलला आणि त्यांच्या अंगावर चढवला, दादूनं बटणं लावली. माइकवर आमच्या कॉलेजचं नाव आलं, आमची नावं आली आणि मग “कोच” असं म्हणून त्यांचं पूर्ण नाव आलं, वडिलांच्या नावासकट. ते सावधान उभे राहिले. पुढे दुसऱ्या कॉलेजची नावं सुरू झाली तरी ते तसेच उभे होते, त्यांना खाली बसवायला मला हात धरावा लागला.

आम्ही कितवे आलो ते विचारू नका. शेवटचे नव्हतो, कारण एका कॉलेजचा मुलगा तापानं आडवा झाला आणि त्यांचा संघ अपुरा पडला. पण आम्ही तिघं शेवटच्या छऱ्यापर्यंत खेळलो. वैशालीच्या वाट्याचा वेळ तिचं हसू संपता संपता सरत आला होता, तरी तिनं सगळे छरे मारले.

क्लब वाचला, आणि वाचला म्हणूनच कोच गेले. पूर्ण संघ उतरवल्यामुळे विद्यापीठानं आमच्या क्लबाची दखल घेतली आणि दखल घेतल्यावर कळवलं की, मान्यताप्राप्त क्लबाला प्रमाणपत्रवाला प्रशिक्षक लागतो. खंडाळ्याचा एक तरुण आला. चांगला होता, हे मला कबूल करायला हवं. त्याच्याकडे मी महिनाभरात जे शिकले ते परात धरून कधी शिकले नसते. पण त्याच्या सरावाला जेवण नव्हतं आणि माझा हात पुन्हा थरथरायला लागला होता.

कोचना प्राचार्यांनी वसतिगृहाची मेस दिली. पातळ आमटीचा ठेकेदार मधल्या काळात सोडून गेलेलाच होता. मला वाटलं, ते नाकारतील आणि गावी निघून जातील. पहिल्या दिवशी जेवायला गेलो तर ते वाढायला उभे होते, मान खाली. कोठीतून मेसमध्ये यायला मधे फक्त एक दार होतं, पण ते दार त्यांना किती लांब वाटत असेल ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. रांगेत दादू पुढे होता. त्यानं ताट पुढे केलं आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाला, “कोच, आमटी वाढा की.” मागे मी होते, मीही तेच म्हटलं. माझ्यामागच्या मुलीनं आमचं ऐकून तेच म्हटलं. रांग संपेपर्यंत ते मान वर करून वाढत होते, आणि आमटी दाट होती.

आम्ही शिकून बाहेर पडलो. दादू मुंबईला गेला, वैशालीचं औंधलाच लग्न झालं. मी कॉलेजात शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी अजून नेमबाजी करते. कोचनी आणखी काही वर्षं मेस चालवली, मग गुडघे दुखायला लागले तेव्हा माणला, भावाकडे गेले.

गेल्या महिन्यात कामासाठी साताऱ्याला गेले होते. वसतिगृहात जेवायला थांबले. वाढायला एक तरणा मुलगा होता, बहुतेक कर्नाटकाकडचा, मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. रांगेतली पोरं ताट पुढे करून म्हणत होती, “कोच, भात. कोच, अजून एक चपाती.” मी शेजारच्या मुलीला विचारलं, याला कोच का म्हणता? ती माझ्याकडे बघत राहिली. “मॅडम, मेसमध्ये वाढणाऱ्याला कोचच म्हणतात ना,” ती म्हणाली. तिला यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही.

बाहेर आले आणि त्यांना फोन लावला. मागे मेंढरांचा आवाज येत होता. मी पाहिलेलं सगळं सांगितलं.

मग त्यांनी विचारलं, “आन् क्लबात त्या सर्टिफिकेटवाल्याला काय म्हनत्यात?”

“सर म्हणतात,” मी म्हटलं.

ते बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, “म्हनू दे की. सर तर कुनालाबी म्हनत्यात.”